दुसरी मयुरी

मयुरीच्या चालण्यात काहीतरी चुकतंय, हे घरात सगळ्यात आधी सुभद्राबाईंच्या ध्यानात आलं. पोरगी वर्षाची झाली तेव्हा चारचौघींच्या पोरांसारखीच भिंत धरून उभी राहिली आणि घरभर दुडदुडायला लागली. पण ज्या वयात ते दुडदुडणं जावं, त्या वयात ते गेलंच नाही. तीन वर्षांची झाली तरी ती पाय फाकवून दोन्ही अंगांना झुलत चालायची. उभं राहा म्हटलं की उभ्या जागी हलायची. सोसायटीतल्या बाया म्हणायच्या, "आजीनं कडेवरून उतरवलीच नाही, मग पायात जोर येणार कुठून?" सुभद्राबाई वरवर हसायच्या. मनात मात्र त्यांच्या काहीतरी टोचत राहायचं. हे चालणं आपण कुठंतरी पाहिलंय, एवढंच त्यांना वाटायचं. कुठं ते आठवायचं नाही.

सुभद्राबाई धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याकडच्या. लग्न होऊन नवऱ्याबरोबर सुरतेला आल्या आणि तिथल्या गोडादरा भागाच्याच होऊन गेल्या. नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात होता, तो गेला. आता थोरला मुलगा गजेंद्र तसल्याच एका खात्यात मशीन चालवतो. धाकटा योगेंद्र हजीऱ्याला एका कंपनीत क्रेनवर आहे. सुभद्राबाईंच्या मागोमाग त्यांचा धाकटा भाऊ निंबाही सुरतेला आला. त्याची नवागामला पिठाची चक्की आहे. बहीण-भावाचं असं की दर रविवारी एकमेकांचं तोंड पाहिल्याशिवाय दोघांना जेवण जायचं नाही. निंबाची थोरली मुलगी रंजना सुभद्राबाईंनी गजेंद्रला करून घेतली. मामाची मुलगी करायची ही त्यांच्याकडची जुनीच रीत. भावाची लेक सून होऊन आली की घरात परकं कुणी राहत नाही. रंजना त्यांना लहानपणापासून फुई म्हणायची, फुई म्हणजे आत्या, आणि लग्नानंतरही ती फुईच म्हणत राहिली. मयुरी गजेंद्र-रंजनाची लेक.

आता निंबाच्या धाकट्या मुलीचं, धनश्रीचं, योगेंद्रशी जमलं होतं. जमवलं म्हणण्यापेक्षा त्या दोघांनीच आपसात जमवलं होतं आणि मोठ्यांनी नुसती सुपारी फोडली. लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर करायचं ठरलं होतं.

मयुरीचं मात्र वर्षागणिक बिघडत चाललं. आधी तेलाची मालिश झाली, मग जड तळाचे बूट झाले, मग एका डॉक्टरांनी जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल असं सांगितलं. ती बोलताना शब्द ओढायला लागली. घास तोंडाशी नेताना हात भलतीकडे जायचा. सर्दी झाली की छातीत उतरायची. डोळ्यांच्या पांढऱ्यात लाल रेघा दिसायला लागल्या, त्यासाठी ड्रॉप घातले, रेघा गेल्या नाहीत. या सगळ्यात पोरगी मात्र आनंदी. पडली की स्वतःच आधी हसायची, म्हणजे आजूबाजूचे घाबरत नसत.

ती सात वर्षांची असताना मोठ्या सरकारी दवाखान्यात मेंदूच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला पाहिलं. बाई गुजराती होत्या. अर्धं हिंदी, अर्धं गुजराती बोलत होत्या. त्यांनी मयुरीला चालवलं नाही की पायही ठोकून पाहिले नाहीत. आधी तिच्या पापण्या वर करून डोळ्यांत बराच वेळ बघत राहिल्या. मग वळून विचारलं, "आई-वडील नात्यातले आहेत?"

"मामा-फुईची पोरं," सुभद्राबाई म्हणाल्या.

"घरात असं आणखी कुणी होतं? लहानपणी चालता न येणारं? लवकर गेलेलं?"

"नाही," गजेंद्र म्हणाला.

आणि त्याच क्षणी सुभद्राबाईंना आठवलं. मगन! त्यांच्या पाठचा, निंबाच्या आधीचा भाऊ. गावात त्याला झुलता मगन म्हणायचे. बैलगाडीवरून पडला, तेव्हापासून असा झाला, असं घरात सांगत आणि सगळे तेच खरं धरत. त्यांचं लग्न व्हायच्या सुमारास तो छातीच्या दुखण्यानं गेला. त्याच्या चालण्याची नक्कल केली म्हणून मायनं लहानग्या निंबाला चुलीतल्या लाकडानं मारलं होतं. एवढं सगळं डोक्यात होतं, पण ते मयुरीशी कधी जोडलंच गेलं नव्हतं. सुभद्राबाईंनी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. आपले माय-बापही नात्यातलेच होते, हेही सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि रक्त घ्यायला सांगितलं.

रक्ताचा एक नमुना बाहेरगावी गेला. निकाल यायला दिवस लागले. तो आला तेव्हा बाईंनी गजेंद्र, रंजना आणि सुभद्राबाईंना खुर्च्यांवर बसवलं आणि दार लावून घेतलं. आजाराचं नाव सांगितलं, अटॅक्सिया तेलंजिएक्टेशिया. ते गजेंद्रला दोनदा विचारूनही उच्चारता आलं नाही.

"नाव राहू द्या," बाई म्हणाल्या. "काय होतं ते समजून घ्या. आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशीच्या पोटात एक लांबच लांब साखळी असते, डीएनए म्हणतात तिला. शरीर कसं चालवायचं, ते सगळं तिच्यात भरलेलं. ही साखळी रोज कुठं ना कुठं तुटते. तुमची, माझी, सगळ्यांची. आपण जगतो, श्वास घेतो, त्यानंच तुटते. पण पेशीच्या आत दुरुस्ती करणारे असतात. आणि तुटलं की त्यांना हाक मारणाराही एक असतो. मयुरीच्या शरीरात तो हाक मारणाराच नाही."

"म्हणजे लूमवर धागा तुटला तरी मशीन आपोआप थांबत नाही, तसं," गजेंद्र हळूच म्हणाला.

"तसंच. आता कातडीची पेशी बिघडली तर ती गळून जाते, नवी येते. मेंदूच्या पेशीचं तसं नाही. ती जन्माची एकदाच मिळते. तिला आहे तेच दुरुस्त करत आयुष्य काढावं लागतं. दुरुस्ती झाली नाही की ती मरते, आणि तिच्या जागी दुसरी येत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तोल सांभाळणारा. हिच्या तिथल्या पेशी आधी जातायत. तिथल्याच का आधी, ते अजून आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही. म्हातारपणी माणसं विसरायला लागतात, हात थरथरायला लागतात, त्या आजारांतही ही दुरुस्ती कमी पडत असावी असं आता वाटू लागलंय. तिथं सारा जन्म जातो. हिला तेवढा वेळ मिळाला नाही."

रंजनानं एकच विचारलं, "औषध?"

"मुळावर औषध नाही. व्यायाम करायचा, छाती जपायची, गिळताना ठसका लागत नाही ना ते बघायचं. आणि एक ध्यानात ठेवा, एक्स-रे, सीटी स्कॅन गरज पडल्याशिवाय नाही. त्या किरणांनी साखळी आणखी तुटते. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी या आजाराचं सांगायचं." बाई क्षणभर थांबल्या. "आणि तुमच्या घरात आणखी कुणाचं नात्यात लग्न व्हायचंय का?"

गजेंद्रनं आईकडं पाहिलं. सुभद्राबाईंनी हातातला पदर घट्ट धरला आणि म्हणाल्या, "व्हायचंय."

घरी आल्यावर गजेंद्रचं म्हणणं पडलं की एवढ्यात कुणाला काही सांगायचं नाही. "माय, लग्न तोंडावर आलंय. लोक काय म्हणतील, एका पोरीचा निकाल आला आणि दुसरीची सोयरीक मोडली! सगळ्यांच्याच पोरांना थोडंच होतं?"

"बाईंनी सांगितलं ना, दोघांतही ती खोड असली तर चारातल्या एका लेकराला होऊ शकतं."

"म्हणजे तिघांना नाही होत."

"आपल्या घरात तो एक कोण आहे, तुला दिसतंय," सुभद्राबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या एकट्याच रिक्षानं नवागामला गेल्या. निंबा चक्कीवर होता. अंगावर, भुवयांवर पीठ. बहीण दिसताच त्यानं पट्टा बंद केला.

"ये वो आक्का, बठ."

बहीण-भाऊ आपसात अहिराणीच बोलायचे. सुभद्राबाईंनी पाण्याचा गडू बाजूला ठेवला आणि सरळच विचारलं, "निंबा, आपला मगन तुले याद शे ना?"

निंबाचा चेहरा उतरला. "मरेल मानूसनं नाव कसाले लेस?" मेलेल्या माणसाचं नाव त्याला नको होतं.

मग त्यांनी दवाखान्यातलं सगळं सांगितलं. त्यांना समजलं होतं तेवढं, त्यांच्या शब्दांत. निंबा ऐकत होता आणि मान हलवत होता. "मगन गाडावरून पडना व्हता," तो पुन्हा पुन्हा म्हणाला.

"पन तो पडे कसाले, हाई कोनी इचारं?"

निंबा उठला. बाहेर दळणाचे डबे घेऊन बाया उभ्या होत्या, त्यांच्यादेखत तो मोठ्यानं बोलला, "मनी आंडेरमा खोट काढस तू? थोरली लिधी तवय काही नही दिसनं?" माझ्या लेकीत खोट काढतेस, थोरली घेतलीस तेव्हा नाही दिसली, असं तो विचारत होता.

"तुनी आंडेरमा नही रे," सुभद्राबाई म्हणाल्या. "आपलामा शे. तुनामा, मनामा." तुझ्यात आणि माझ्यात, असं त्यांचं म्हणणं होतं.

निंबानं पट्टा सुरू केला. चक्कीच्या आवाजात पुढं बोलण्यासारखं काही उरलं नाही. सुभद्राबाई पायऱ्या उतरल्या, तेव्हा मागून कुणीतरी त्यांचा हात धरला. धनश्री होती. ती एका साडीच्या दुकानात हिशेबाला बसायची, त्या दिवशी सुटी असल्यानं चक्कीमागच्या घरीच होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"फुई, तपासणी कुठं करतात?" तिनं विचारलं.

योगेंद्र आधी तयार नव्हता. "माझं काही असो, मला धनश्रीशीच लग्न करायचंय, मग रक्त कशाला द्यायचं?" असं त्याचं म्हणणं. धनश्री त्याच्याशी वाद घालत बसली नाही. तिनं आपलं रक्त देऊन टाकलं आणि त्याला तसं कळवलं. दोन दिवसांनी तोही गेला.

दोघांतही ती खोड निघाली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की तुम्हा दोघांना मयुरीसारखं काही होणार नाही, तुमची दुरुस्ती नीट चालते. पण दोघांकडची बिघडलेली बाजू एकाच लेकरात आली तर मयुरीसारखं होतं. गर्भ राहिल्यावर लवकर तपासता येतं, हेही त्यांनी सांगितलं. निवड तुमची, म्हणाल्या.

त्यावरचं योगेंद्र आणि धनश्रीचं बोलणं गोडादऱ्याच्या घरी झालं. मयुरी आतल्या खोलीत झोपली होती. योगेंद्र भिंतीला टेकून उभा होता.

"तपासता येतं म्हणाल्या ना बाई," तो म्हणाला. "नाहीतर मूलच नको आपल्याला. दत्तक घेऊ. मला चालेल."

"आज चालेल," धनश्री म्हणाली. "दर वेळी पोटात जीव घेऊन निकालाची वाट बघायची. वाईट निघाला तर पाडायचा. मला नाही जमणार, योगेंद्र. आणि न तपासता देवावर सोडायचं, तेही नाही. मी मयुरीला न्हाऊ घातलंय, भरवलंय. तिचं काय होतंय ते रोज बघतेय." तिनं आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. "दुसरी मयुरी नको. मला नाही सोसणार."

रंजना स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभी होती. ते वाक्य तिनं ऐकलं. ताटल्या तिनं शांतपणे खाली ठेवल्या आणि धनश्रीला म्हणाली, "म्हणजे पहिलीही नको होती."

"ताई, मी तसं..."

"तसंच म्हणालीस. जा तू."

धनश्री गेली. सोयरीक मोडली. निंबाला वाटलं, बहिणीनं मुद्दाम मोडली. त्यानं रविवारचं येणं बंद केलं. योगेंद्रनं हजीऱ्यालाच खोली घेतली आणि महिन्यातून एखादेवेळी घरी यायला लागला. रंजना बहिणीचा फोन घेईना. एका घराची तीन घरं झाली. सुभद्राबाई मनाशी म्हणत, बरं केलं की वाईट? ज्या लेकरासाठी हे केलं, ते तर अजून जन्मालाही आलेलं नाही. त्याला विचारणार कसं?

एके दुपारी त्या मयुरीच्या बोटांचा व्यायाम घेत होत्या. रंजना शेजारी साडीला लेस लावत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "फुई, मला आधी कळलं असतं तर?"

सुभद्राबाईंनी मयुरीचं पुढचं बोट हातात घेतलं.

"कळलं असतं तर मी धनश्रीसारखंच केलं असतं," रंजना म्हणाली. "मग ही नसती. आणि ही नको होती, असं मी कसं म्हणू? पण हिला जे भोगावं लागतंय, ते असू दे, असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू?" सुईत दोरा तसाच राहिला. "सगळे म्हणतात, पुढच्यांचं टळलं, बरं झालं. खरंच बरं झालं. पण ते ऐकलं की वाटतं, माझ्या पोरीकडं बोट दाखवून सांगतायत."

"बोलू दे त्यांना," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढं केला आणि रंजनाच्या डोक्यावर ठेवला. रंजनानं तो काढला नाही.

त्या हिवाळ्यात मयुरीची छाती भरली. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, नाकात नळी आली. एक्स-रे काढायची वेळ आली तेव्हा रंजनानं आजाराचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी विचार करून एकच काढू म्हटलं आणि काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी धनश्री डबा घेऊन वॉर्डात आली. कुणी बोलावलं नव्हतं. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. रंजना तिच्याकडं बघतही नव्हती.

मयुरीनं मात्र मावशीला पाहिलं आणि ओढत ओढत म्हणाली, "माव... शी... केस..."

धनश्रीनं पिशवीतून फणी काढली आणि पलंगाच्या कडेला बसून तिच्या केसांचा गुंता सोडवायला लागली. मग धनश्री म्हणाली, "ताई, मी चुकीचं बोलले."

"चुकीचं नाही बोललीस," रंजना म्हणाली. "तेच तर वाईट आहे." आणि मग तिनं डबा उघडला. "मिरच्यांचा ठेचा आणलास? दवाखान्यात?"

"तुला आवडतो म्हणून."

दोघी एकाच डब्यात जेवल्या. सुभद्राबाई खिडकीशी बसून होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, तो कुणाच्या लक्षात आला नाही.

त्या संध्याकाळी निंबाही आला. वॉर्डाच्या दारात उभा राहून नातीकडं बघत राहिला. ती उशीवर मान टेकवायचा प्रयत्न करत होती आणि मान सारखी घसरत होती. निंबानं बहिणीजवळ येऊन हळूच म्हटलं, "आक्का, मगन बी असाच टेकायचा गं." हे बोलताना तो अहिराणी विसरला होता. सुभद्राबाईंनी त्याला शेजारी बसवलं.

मयुरी बरी होऊन घरी आली, पण चालणं गेलं ते गेलंच. तिला चाकाची खुर्ची आली. शाळेत गजेंद्र तिला सकाळी पोचवायचा. दुपारी रंजना आणायची. वर्गातल्या बाईंनी तिला तोंडी परीक्षा द्यायची मुभा दिली. कविता ती पाठ म्हणायची, हळू, पण एकही ओळ न गाळता.

पुढच्या वर्षी धनश्रीला बारडोलीकडचं स्थळ आलं. मुलगा शाळेत नोकरीला होता. पहिल्या भेटीतच धनश्रीनं त्याला सगळं सांगितलं. निंबा भेदरला होता. आता हेही मोडणार असं त्यानं धरूनच ठेवलं होतं. मुलानं आठ दिवस मागून घेतले आणि स्वतःचं रक्त तपासून आला. त्याच्यात काही नव्हतं. त्याच्या आईनं एवढंच विचारलं, "मग ती छोटी कशी आहे?" रंजनाच्या कानावर हे आलं, आणि तिनं लग्नाला जायचं नक्की केलं.

लग्न नवागामलाच, मंडपात झालं. योगेंद्र येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि आल्याआल्या वाढपाच्या पोरांत मिसळून गेला. धनश्रीकडं तो एकदाच बघताना सुभद्राबाईंना दिसला. मग त्यानं पाण्याचे जार उचलायला घेतले.

अंतरपाट धरला, भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली, आणि सगळा मंडप उभा राहिला. खुर्चीतल्या मयुरीला समोर नुसत्या पाठी दिसायला लागल्या. ती मान इकडे तिकडे करत होती. तिच्या मुठीतले तांदूळ सांडून गेले होते. रंजना तिला उचलायला वाकली, पण नऊ वर्षांची पोरगी तिला आता उचलेना.

गर्दीतून योगेंद्र आला. ओले हात त्यानं शर्टाला पुसले, मयुरीला खुर्चीतून काढलं आणि आपल्या खांद्यावर बसवलं. तिचे दोन्ही पाय त्यानं घट्ट धरले. रंजनानं तिच्या दोन्ही मुठींत पुन्हा तांदूळ भरले. पहिली मूठ निंबाच्या फेट्यावर पडली. दुसरी मागच्या रांगेतल्या एका बाईच्या अंबाड्यात. निंबानं वळून वर पाहिलं आणि फेटा तसाच राहू दिला. अंतरपाटापलीकडून धनश्रीनं मान वर केली. खांद्यावरची मयुरी तिला दिसली, तिला उचलून धरणाराही दिसला. ती हसली, आणि हसता हसताच तिनं तोंडावर मुंडावळ्या ओढून घेतल्या.

"माय," योगेंद्र म्हणाला, समोरच बघत, "तांदूळ दे अजून."

सुभद्राबाईंनी पदरातले तांदूळ नातीच्या हलत्या मुठीत घातले, आणि ते सांडू नयेत म्हणून खाली आपली ओंजळ धरली.